कंडिशनलसाठी 'वुड' सोड, 'येणार होता' धर

देवगडकडच्या एका मुलाने विचारलंय. क्रूझ जहाजावर रेस्टॉरंटच्या कामाला निवड झालीये, ऑक्टोबरात चढायचंय, मोबाइलवर स्पॅनिश शिकतोय आणि कंडिशनलपाशी, म्हणजे 'गेलो असतो'सारख्या क्रियापदाच्या रूपापाशी, गाडी रुतलीये. अ‍ॅपने सांगितलं, इंग्रजीत 'वुड' दिसला की कंडिशनल घाल. त्या हिशोबाने त्याने मराठीतली पाच वाक्यं स्पॅनिशमध्ये केली आणि पाचही लाल झाली. आता विचारतोय की ही रूपं पाठ कशी करायची आणि वापरायची नेमकी कुठे.

अरे, तुझी पाचही वाक्यं वाचली. रूपं बहुतेक बरोबर आहेत, जागा चुकल्यात. म्हणजे पाठांतराची तुला वाटते तेवढी अडचण नाही. अडचण ही की तू मराठीतून निघून इंग्रजीच्या स्टँडवर गाडी बदलतोस आणि मग स्पॅनिशला जातोस. हा मधला स्टँड काढून टाकला तर निम्मं काम होतं, कारण या काळाच्या बाबतीत मराठी स्पॅनिशला इंग्रजीपेक्षा जवळची आहे. फक्त एका ठिकाणी मराठीच दगा देते, ते शेवटी सांगतो.

मी नऊ वर्षं मालवाहू जहाजांवर मेसमध्ये होतो. बरोबर चिली आणि पेरूची माणसं. स्पॅनिश कानाने शिकलो; व्याकरण रत्नागिरीला परत येऊन शिकवायला लागलो तेव्हा कळलं. त्यामुळे माझी सांगायची पद्धत थोडी मेसमधली आहे. स्पॅनिश शब्द इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितोय, तू वहीत मात्र रोमन लिपीतच लिही.

आधी रूपं उरकू. 'पगार' हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांकडून आला. त्यांच्याकडे 'पागार' हे क्रियापद आहे, पैसे देणे. स्पॅनिशमध्येही तेच क्रियापद, तेच स्पेलिंग. म्हणजे हा धातू तुझ्या घरात महिन्याच्या १ तारखेला बोलला जातोच. आता तो अख्खा ठेव, शेवटचं काही कापू नकोस, आणि मागे शेपूट जोड: यो पागारीआ, तू पागारीआस, एल पागारीआ, नोसोत्रोस पागारीआमोस, बोसोत्रोस पागारीआइस, एयोस पागारीआन. झालं. वर्तमानकाळात 'आर'वाल्यांची शेपटं वेगळी, 'एर'वाल्यांची वेगळी, 'इर'वाल्यांची वेगळी असा जो त्रास होता, तो इथे नाही. 'कोमेर', खाणे, त्याचं कोमेरीआ. 'बिबिर', राहणे, त्याचं बिबिरीआ. तिन्ही गटांना एकच शेपूट.

'बोसोत्रोस'वालं, म्हणजे 'तुम्ही सगळे'चं, रूप स्पेनमध्येच लागतं. लॅटिन अमेरिकेत 'उस्तेदेस' म्हणतात आणि त्याला 'पागारीआन' चालतं. तुझ्या जहाजावर गेस्ट कुठलेही असोत, वेटरने एकाला अदबीचं 'उस्तेद' आणि अनेकांना 'उस्तेदेस'च धरून राहावं, म्हणजे ते रूप सध्या सोडून दिलंस तरी चालेल.

उच्चारात एकच गोष्ट बघ. जोर 'ई'वर, आणि 'आ' वेगळा ऐकू यायला हवा. पागा-री-आ. आपली जीभ 'पागार्या' करून मोकळी होते, ते नको. सहाही रूपांत त्या 'ई'च्या डोक्यावर तिरकी रेघ लिहायची, एकाही रूपात सुटत नाही. एका शब्दात अशी रेघ एकदाच येते, म्हणून ओइर, रेइर, फ्रेइर (ऐकणे, हसणे, तळणे) यांच्यावर मुळात असलेली रेघ इथे निघून जाते आणि शेपटावर बसते.

मराठीत 'गेलो असतो' आणि 'गेले असते' यांत बाई की बुवा ते कळतं. स्पॅनिशमध्ये या रूपांत लिंग नाही. उलट 'मी' आणि 'तो' यांचं रूप एकच असल्यामुळे घोटाळा होईल तिथे 'यो' किंवा 'एल' तोंडाने म्हणावं लागतं, एरवी स्पॅनिश माणूस सर्वनाम गिळतो.

अनियमित मूळ क्रियापदं बारा. दरवेळी कोणीतरी घाबरून विचारतं म्हणून आकडा सांगितला. जी बाकी सगळीकडे छळतात ती इर, सेर, एस्तार, दार, बेर इथे गाईसारखी गरीब आहेत: इरीआ, सेरीआ, एस्तारीआ, दारीआ, बेरीआ. बारांपैकी पाच जण मधला स्वर गाळतात: पोदेर चं पोद्रीआ, साबेर चं साब्रीआ, आबेर चं आब्रीआ, काबेर चं काब्रीआ, केरेर चं केर्रीआ. दोघं आखडून जातात: देसिर चं दिरीआ आणि आसेर चं आरीआ. उरलेल्या पाचांत एक 'द' घुसतो: तेनेर चं तेन्द्रीआ, पोनेर चं पोन्द्रीआ, बेनिर चं बेन्द्रीआ, सालिर चं साल्द्रीआ, बालेर चं बाल्द्रीआ.

हा 'द' कुठून आला, असं प्रत्येक बॅचमध्ये विचारतात. मी विचारतो, तुमच्या बागेत नारळ कोण पाडून जातं? सगळे म्हणतात, वांदर. मूळ शब्द वानर. मधला स्वर गळला की 'न' आणि 'र' एकमेकांवर आपटतात, आणि जीभ 'न'वरून 'र'वर जाताना वाटेत 'द' आपोआप उमटतो. वानर, वान्र, वांदर. तेनेर मधला स्वर गाळून 'तेन्र' म्हणून बघ, तुझ्या तोंडून 'तेन्द्र'च येईल. 'ल' आणि 'र'च्या मध्येही तसंच. वांदर आठवला की ही पाच क्रियापदं विसरायला होत नाहीत.

यांची पिलावळही तशीच चालते. मान्तेनेर चं मान्तेन्द्रीआ, प्रोपोनेर चं प्रोपोन्द्रीआ, देसआसेर चं देसआरीआ. अपवादाला अपवाद म्हणजे बेन्देसिर आणि माल्देसिर, आशीर्वाद देणे आणि शाप देणे. हे दोघं देसिर च्या घरातले असून सरळ वागतात: बेन्देसिरीआ, माल्देसिरीआ. जहाजावर दोन्हीची गरज पडेल, दुसऱ्याची जास्त.

कानाला फसवणाऱ्या दोन जोड्या एवढ्यातच पाठ करून टाक. 'केरीआ' म्हणजे 'हवं होतं' आणि 'केर्रीआ' म्हणजे कंडिशनल. फरक फक्त 'र'चा, दुसऱ्यात जीभ होडीचं इंजिन धरल्यासारखी थरथरली पाहिजे. तसंच 'पोदीआ', जमत होतं, आणि 'पोद्रीआ'. इथे एक 'र' राहून गेला तर विनंतीची तक्रार होते.

आता जे बहुतेक पुस्तकं तक्त्यांच्या गर्दीत हरवून टाकतात ते सांगतो. नीट बघितलंस तर या बारा जणांची मोडतोड तुला ओळखीची वाटेल, कारण भविष्यकाळात ती हुबेहूब हीच आहे: तेन्द्रे, पोन्द्रे, दिरे, आरे. आणि शेपूट 'ईआ' हे 'कोमीआ', 'बिबीआ' या चालू भूतकाळाचं आहे. धड भविष्याचं, शेपूट भूताचं. हा योगायोग नाही. बोली लॅटिनमध्ये लोक 'गायचं आहे' अशा जोडणीने भविष्य सांगायला लागले, धातू आणि पुढे 'आबेर'चं वर्तमान. त्यातून स्पॅनिश भविष्यकाळ झाला. 'गायचं होतं' अशी धातू आणि 'आबेर'च्या भूतकाळाची जोडणी केली, ती झिजून 'कान्तारीआ' झाली. जुन्या स्पॅनिशमध्ये हा सांधा इतका सैल होता की मध्ये 'त्याला', 'तुम्हाला' असे शब्द घुसवत. पोर्तुगीजमध्ये लिहिताना अजून चालतं, 'दार-ल्ये-ईआ'. इकडे रेवदंड्यापलीकडे कोर्लईत पोर्तुगीजातून निपजलेली बोली आजही घराघरांत आहे, तेव्हा हे काही फार परमुलखातलं समजू नकोस.

मराठीत यालाच आपण म्हणतो 'येणार होता'. 'येणार' पुढे बघतं, 'होता' मागे उभं असतं. कंडिशनल म्हणजे मुळात हेच, मागे उभं राहून पुढे बघणं. आन्द्रेस बेयो नावाचा काराकासमध्ये जन्मलेला पंडित होता, चिलीत स्थायिक झाला. त्याने १८४७ सालच्या आपल्या व्याकरणात या रूपाला 'पोस्प्रेतेरितो' नाव दिलं, म्हणजे भूतानंतरचा. मेक्सिकोत शाळेच्या पुस्तकांत ते नाव अजून वापरतात. मला ते 'कंडिशनल'पेक्षा प्रामाणिक वाटतं, कारण यात अट नेहमी असतेच असं नाही.

आता तुझी वाक्यं घेऊ.

पहिलं: 'लहानपणी मी आजोबांबरोबर समुद्रावर जायचो.' तू 'इरीआ' घातलंस, कारण इंग्रजीत 'वुड गो' होतं. इंग्रजीच्या 'वुड'ला दोन कामं आहेत, सवय सांगणं आणि जर-तर सांगणं. मराठी ही दोन्ही कामं वेगळी ठेवते: 'जायचो' निराळं, 'गेलो असतो' निराळं. स्पॅनिशही वेगळी ठेवते. 'जायचो' आलं की चालू भूतकाळ, 'यो इबा'. मराठीत विचार केला असतास तर ही चूक होऊच शकत नव्हती.

दुसरं: 'मला जरा पाणी द्याल का?' तू 'दारास' लिहिलंस, शुद्ध भविष्यकाळ. मराठीत ही चूक नव्हे, आपण विनंती भविष्यकाळातच करतो: सराल का, द्याल का, थांबाल का. आणि दुकानात गेलो की भूतकाळात जातो. बाजारात 'मला एक किलो सुरमई हवी होती' असं म्हणतो तेव्हा ती काल नाही, आत्ताच हवी असते. म्हणजे अदबीसाठी मराठीकडे दोन वाटा आहेत, एकदा पुढे सरकायचं, एकदा मागे. स्पॅनिशचं कंडिशनल दोन्ही एका शब्दात करतं, धड पुढे आणि शेपूट मागे. म्हणून ते इतकं मऊ लागतं. 'मे दारीआ आग्वा?' किंवा 'पोद्रीआ दारमे आग्वा?' तुझ्या कामात निम्मं कंडिशनल याच जागी लागणार आहे. 'ले गुस्तारीआ प्रोबार एल पेस्कादो?' मासे चाखून बघायला आवडतील का? 'यो ले रेकोमेन्दारीआ ला सोपा', मी सूप घ्या म्हणेन. ही दोन वाक्यं आरशासमोर पन्नास वेळा म्हण. गेस्ट मात्र तुला 'केर्रीआ' कमी आणि 'केरीआ' किंवा 'किस्येरा' जास्त म्हणतील, तिन्हीचा अर्थ 'हवं होतं' एवढाच. स्पेनमधला माणूस तर सरळ 'मे पोनेस उन काफे' म्हणतो, मला कॉफी दे. तो उद्धटपणा नाही, त्यांच्याकडे तसंच बोलतात.

सल्लाही याच खात्यातला. 'देबेरीआस दोर्मिर', झोपायला हवंस तू. 'यो के तू, नो इरीआ', तुझ्या जागी मी असतो तर गेलो नसतो. हे 'यो के तू' फार कामाचं आहे, अख्खा जर-तरचा पहिला भाग तीन शब्दांत संपतो.

तिसरं: 'तो म्हणाला, उद्या येईन.' इथे मराठीची सवय आडवी आली. आपण दुसऱ्याचं बोलणं जसंच्या तसं सांगतो, त्याचा काळ बदलत नाही. स्पॅनिशमध्ये 'दिखो', म्हणाला, असं भूतकाळात गेलं की पुढचं भविष्यही मागे खेचलं जातं: 'दिखो के बेन्द्रीआ'. येणं अजून व्हायचंच असेल तर 'दिखो के बेन्द्रा' असं भविष्यकाळातलं रूपही बरोबर, पण दोघांचा वास वेगळा. 'बेन्द्रा'त सांगणारा स्वतः हमी घेतो, 'बेन्द्रीआ'त तो फक्त निरोप पोचवतो. हे मला एका बंदराबाहेर कळलं. पेरूचा बोसन, म्हणजे खलाशांचा मुकादम, येऊन म्हणाला, पायलट (जहाजाला बंदरात वाट दाखवणारा) सहाला 'बेन्द्रीआ'. मी ऐकलं 'येणार', आणि पाच वाजता अख्ख्या मेसला उठवून नाश्ता लावला. पायलट आला नऊला. अंडी थंडगार, खलाशी गरम. बोसन शांतपणे म्हणाला, येणार आहे असं मी कुठे म्हटलं, येणार असं तो म्हणाला होता.

वर्तमानपत्रांत हाच वास आणखी पुढे जातो. 'एल मिनिस्त्रो आब्रीआ दिमितीदो', मंत्र्याने राजीनामा दिला म्हणे. आपल्या 'म्हणे'चं काम हे एक रूप करतं. शुद्ध भाषेचे आग्रही नाकं मुरडतात, फ्रेंचांची लागण म्हणतात, पण बातम्यांत ते रोज दिसतं. अंदाजही तसाच: 'सेरीआन लास द्येस', तेव्हा दहा वाजले असतील. आत्ताचा अंदाज असेल तर भविष्यकाळ, 'सेरान लास द्येस'. मराठीत दोन्हीकडे 'असतील'च येतं, म्हणून 'तेव्हा' शब्द कुठे लपलाय ते शोधायचं.

चौथं: 'नाहीतर खूप अडचणी आल्या असत्या.' तू 'आब्रीआन प्रोब्लेमास' लिहिलंस. अडचणी अनेक म्हणून क्रियापदही अनेकवचनी केलंस, मराठी माणूस दुसरं काय करणार. पण 'असणे' या अर्थाचा आबेर कायम एकवचनी राहतो: 'आब्रीआ मुचोस प्रोब्लेमास'. पुष्कळ स्पॅनिश लोकही इथे चुकतात, परीक्षेत मात्र गुण जातात. शिवाय 'आब्रीआ'चा एक तोतया आहे. आब्रिर, उघडणे, त्याचा चालू भूतकाळही कानाला 'आब्रीआ'च. लिहिताना आबेरवाला 'एच'ने सुरू होतो, तो 'एच' कोणी उच्चारत नाही. उघडण्याचं कंडिशनल 'आब्रिरीआ'.

आता पाचवं, जिथे मराठी दगा देते: 'पैसे असते तर होडी घेतली असती.'

तू लिहिलंस, 'सि तेन्द्रीआ दिनेरो, कोम्प्रारीआ उना लान्चा.' दुसरा अर्धा भाग बरोबर. शाळेत संकेतार्थ शिकलास, त्यात दोन्हीकडे 'असता' येतं: पाऊस पडला असता तर पीक आलं असतं. तेच तू उचललंस. स्पॅनिशमध्ये 'जर'च्या, म्हणजे 'सि'च्या, घरात कंडिशनलला प्रवेश नाही. तिथे दुसरं रूप बसतं: 'सि तुब्येरा दिनेरो, कोम्प्रारीआ उना लान्चा.' हे 'तुब्येरा' बनवायला 'तुब्येरोन' (त्यांच्याकडे होतं) घे, शेवटचं 'रोन' काढ, 'रा' लाव. कुठल्याही क्रियापदाला हीच युक्ती. उत्तर स्पेनमधल्या बिल्बाओच्या आसपास जन्मजात स्पॅनिश बोलणारेही 'सि तेन्द्रीआ' म्हणतात आणि इतरांच्या चेष्टेचा विषय होतात, तेव्हा फार लाजू नकोस. आणि 'सि' चा अर्थ 'की नाही' असेल तर मनाई उठते: 'नो से सि पोद्रीआ', मला जमलं असतं की नाही माहीत नाही.

खरीच शक्यता असेल तर कंडिशनल लागतच नाही. 'पैसे मिळाले तर होडी घेईन' हे साधं वर्तमान आणि भविष्य: 'सि तेन्गो दिनेरो, कोम्प्रारे उना लान्चा.' मराठीतही इथे 'असती' नाही, त्यामुळे कान पुरतो.

खरी गोम पुढे आहे. 'पैसे असते तर होडी घेतली असती' हे वाक्य आपण आजच्याबद्दलही बोलतो आणि दहा वर्षांपूर्वीच्याबद्दलही. आत्ता खिसा रिकामा आहे म्हणून होडी नाही, किंवा त्या वर्षी मालक होडी विकत होता तेव्हा पैसे नव्हते, दोन्हीला 'असते... असती'. स्पॅनिशला हे चालत नाही. आत्ताचं असेल तर वरचं वाक्य. तेव्हाचं असेल तर दोन्ही भाग एकेक पायरी मागे: 'सि उब्येरा तेनीदो दिनेरो, आब्रीआ कोम्प्रादो उना लान्चा.' दुसऱ्या भागात 'आब्रीआ'ऐवजी 'उब्येरा कोम्प्रादो' म्हटलेलंही बरोबर आहे आणि सर्रास ऐकू येतं, अ‍ॅपने लाल केलं तर अ‍ॅपकडे दुर्लक्ष कर.

म्हणून मी वर्गात 'असतं' आलं की फळ्याकडे वळायच्या आधी एकच विचारतो, आत्ता की तेव्हा? जूनमध्ये मासेमारीबंदीत जेटीवर बसलेला माणूस म्हणतो, पाऊस नसता तर गेलो असतो. तो आत्ता बोलतोय: 'सि नो योब्येरा, साल्द्रीआ.' तोच नारळी पौर्णिमेनंतर त्या दिवसाची आठवण काढून तेच वाक्य म्हणेल, तेव्हा 'सि नो उब्येरा योबीदो, आब्रीआ सालीदो.' मराठीत एक अक्षर बदललं नाही.

दोन काळ मिसळताही येतात. 'तेव्हा होडी घेतली असती तर आज क्रूझवर नसतो': 'सि उब्येरा कोम्प्रादो ला लान्चा, ओय नो एस्तारीआ एन एल क्रुसेरो.' पहिला भाग तेव्हाचा, दुसरा आजचा.

बाकी चार वाक्यं वर दुरुस्त करून दिलीच आहेत. पाचवं मी करून देत नाही, कारण तुझ्या वाक्यातली होडी आत्ताची की तेव्हाची ते तू लिहिलेलं नाहीस. तेवढं कळव, मग बघू.